दुपारची आई

दार्दोने येर्बाच्या कडवट, नळीने ओढायच्या चहाचा पेला तिच्या हातात दिला आणि सहज म्हणाला, "तुझी बहीण लिहिते हे कधी बोलली नाहीस." झुल्माने नळी ओठांत धरली होती. पाणी आज जास्त तापलं होतं की तिनेच मोठा घोट ओढला, कोण जाणे. जीभ, टाळू आणि घशाचा वरचा भाग एकदम भाजला आणि डोळ्यांत पाणी आलं. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीचा गलका होता. कुणीतरी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटून सरळ करत होतं. "सकाळी रेडिओवर होती," दार्दो पुढे म्हणाला. तो इतिहास शिकवायचा आणि प्रत्येक बातमी फार जुनी असल्यासारखी सांगायचा. "बार्सिलोनाच्या एका बाईने तिची कादंबरी घेतली म्हणे. एजंट. स्पेनमधला प्रकाशकही ठरलाय, सप्टेंबरात निघणार. छान बोलली. सालतोचं बालपण, आई, वगैरे." झुल्माने घोट गिळला आणि म्हणाली, "हो, हो, लिहिते ती अधूनमधून." आवाज नेहमीसारखाच आला याचं तिला बरं वाटलं. पेला परत देताना मात्र नळी दार्दोच्या मनगटाला लागली आणि तो म्हणाला, "अगं, लक्ष कुठे आहे तुझं? जेवली नाहीस का?"

आधी तिला वाटलं, दार्दोची काहीतरी गफलत झाली असेल. बहीण म्हणजे नाईर. नाईर मालदोनादोला घरं विकते. समुद्रकाठची, काचेच्या भिंतींची घरं, जी उन्हाळ्यात महिनाभर उघडतात आणि उरलेलं वर्ष वाऱ्यात शिट्ट्या वाजवत उभी असतात. नाईरच्या गाडीत झाडाच्या आकाराचा सुगंधी पुठ्ठा लटकतो, तिचे केस दर तीन आठवड्यांनी नव्याने सोनेरी होतात, आणि ती कुणालाही पाच मिनिटांत नावाने हाक मारू लागते. शाळेत असताना नाईरचे निबंध झुल्माच लिहून द्यायची. 'माझी सुट्टी', 'आमची नदी'. त्यातल्या एकाला बक्षीस मिळालं होतं आणि व्यासपीठावर नाईर गेली होती. झुल्मा प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी तिला आनंदच झाला होता, नक्की आनंदच, असं ती आजवर धरून चालली होती. आता वर्गाकडे जाताना, जिन्याच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवून, तिने तो आनंद पुन्हा तपासून पाहिला. रात्रभर उघड्या राहिलेल्या दुधासारखा तो नासलेला निघाला.

वर्गात तिने फळ्यावर तारीख लिहिली आणि ती पुसून पुन्हा तीच लिहिली. दहा-अकरा वर्षं ती एक कादंबरी लिहीत होती. तीही सालतोचीच होती, दोघी वाढल्या त्या नदीकाठच्या गावाची. तीच नदी, तीच तीन वर्षं. नदीवर धरण बांधत होते तेव्हाची. त्या कामावर आलेल्या एका मोजणीदाराबरोबर आई नदी ओलांडून काँकोर्दियाला निघून गेली होती. दूर काही नाही. त्यांच्या धक्क्यावर उभं राहिलं की संध्याकाळी पलीकडच्या गावाचे दिवे दिसायचे. आई अर्जेंटिनात होती आणि तरी दिसेल इतकी जवळ होती, तेच झुल्माला लिहायचं होतं. झुल्मा तेव्हा तेरा वर्षांची, नाईर सहाची. बाबा बी-बियाण्यांचं दुकान चालवायचे आणि त्यांनी त्या दिवसापासून घरात बोलणं इतकं कमी केलं की जेवताना मीठ हवं असेल तर ते बोटाने दाखवायचे. तीन वर्षांनी आई एका सकाळी परत आली, तिने एप्रन बांधला आणि बटाटे सोलायला घेतले. कुणी काही विचारलं नाही. एवढीच गोष्ट. ती तिने पाच वेळा लिहून काढली होती. नवऱ्यापासून वेगळी झाली त्या वर्षीही लिहीत होती. वाक्यावाक्यावर हात फिरवून ती इतकी गुळगुळीत केली होती की आता कुठे बोट अडकत नसे.

आणि तिने ती पाठवलीही होती. माद्रिदला, बार्सिलोनाला, बुएनोस आइरेसला, एजंट म्हणवणाऱ्या लोकांना. आधी माहितीची चार वाक्यं, मग पहिली पानं, मग वाट पाहणं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकीने पूर्ण हस्तलिखित मागवलं. रेमेई पुइगदोलेर्स, बार्सिलोना. ते मागवलं त्या दिवशी झुल्माने नाईरला फोन करून सांगितलं होतं. हे नाव नाईरला तिनेच दिलं होतं, म्हणजे रेडिओवरची बार्सिलोनाची बाई हीच. पुढे कितीतरी महिन्यांनी रेमेईने लिहिलं: वाक्यं निर्दोष आहेत, पण मला आत शिरायला दार सापडलं नाही. ते वाक्य झुल्माला पाठ होतं. दात घासताना, बसची वाट पाहताना ते तिच्या तोंडात यायचं. शेवटी मागच्या वर्षी तिने ठरवलं की आता दारं शोधणाऱ्यांच्या मागे लागायचं नाही. पुस्तक स्वतः काढायचं. मोन्तेविदेओतल्या कोर्दोन भागात एल्बियो फारीनाचा छापखाना होता. तो लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं आणि स्वखर्चाने निघणारी पुस्तकं छापायचा. प्रुफं तयार होती. गेले दोन आठवडे ती एल्बियोला 'उद्या सांगते' म्हणत होती. का ते तिला कळत नव्हतं. आता कळलं. मनाच्या कोपऱ्यात ती अजून त्या दाराशी उभी होती, रेमेई बाहेर येईल आणि म्हणेल, अहो, तुम्हीच का, आत या. दार उघडलं होतं. आत नाईर गेली होती.

संध्याकाळी नाईरचाच फोन आला. "रेडिओवाल्यांनी फोडलं गं. मी आज तुला सांगणारच होते, शप्पथ. राग आलाय?" झुल्मा म्हणाली, "कशाचा राग? अभिनंदन." "शनिवारी येते," नाईर म्हणाली. "तुला वाचायला आणते."

शनिवारी ती आली, हातात मिठाईचा पुडा आणि काखेत पानांचा जाड गठ्ठा घेऊन. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि डगला न काढताच बोलू लागली. तिने हे कधी लिहिलं? हिवाळ्यात. हिवाळ्यात घरं विकली जात नाहीत. गिऱ्हाइकाची वाट बघत रिकाम्या घरांत बसावं लागतं, हीटर लावून, पाय पोटाशी घेऊन. तिथे लिहिलं. दीड हिवाळा लागला. "तुला सांगितलं असतं तर तू सुधारून दिलं असतंस," ती म्हणाली, "आणि मग ते तुझं झालं असतं." झुल्माने चहाचं पाणी ठेवलं. तिला विचारायचं होतं, रेमेईलाच का पाठवलंस? पण नाईरनेच उत्तर दिलं. "मला दुसरं कुणाचं नावच माहीत नव्हतं. तू एकदा सांगितलं होतंस." किती साधी गोष्ट. जणू कुणीतरी चांगला शिंपी सुचवला होता.

"आणि तुझं?" नाईरने विचारलं. "अजून त्या एल्बियोकडेच देणार आहेस?"

"प्रुफं झाली."

"झुल्मा, ऐक. स्वतःचं घर स्वतः विकू नये. मी रोज बघते. मालक दाखवायला उभा राहिला की कुठल्या भिंतीला ओल आहे तेच आधी सांगतो. लाज वाटते ना, आपलंच आहे म्हणून. तिऱ्हाईत माणूस लागतो. दलालच लागतो. त्याला लाज नसते."

"तुला कधी लाज होती?"

नाईर हसली. मनापासून हसली, आणि झुल्माला तिचं ते हसणं आवडतं हेही झुल्माला त्याच क्षणी जाणवलं. तेच जास्त टोचलं. "मी रेमेईशी बोलते तुझ्याबद्दल," नाईर म्हणाली. "म्हणजे, तुझी हरकत नसेल तर." हरकत. ज्या बाईने दहा-अकरा वर्षांच्या कामाला एका ओळीत निकालात काढलं होतं, तिच्याशी धाकट्या बहिणीने रदबदली करायची. झुल्माने चहात साखर दोनदा घातली. "बोल," ती म्हणाली. नाही म्हणायला जी ताकद लागते ती तिच्याकडे त्या वेळी नव्हती.

गठ्ठा तिने चार दिवस उघडला नाही. कपाटावर ठेवला, मग पलंगाखाली, मग पुन्हा टेबलावर. मग गुडघ्याच्या एक्स-रे फोटोसाठी दवाखान्यात जायचं होतं तेव्हा, तिथे नुसतं बसून राहावं लागतं म्हणून, पिशवीत टाकला. प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती, भिंतीवरचा टीव्ही आवाज बंद करून चालू होता, शेजारी एक म्हातारे गृहस्थ फुप्फुसांचा फोटो मांडीवर धरून बसले होते. पहिल्या पानावर नाव होतं: दुपारची आई. झुल्माला नाव आवडलं नाही. तिने पेन काढलं, सवयीने. पहिल्या पानावर तिने दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. दुसऱ्या पानावर एक क्रियापद. चौथ्या पानावर पेन हातातच राहिलं.

नाईरने दुपारचं लिहिलं होतं. सालतोला उन्हाळ्यात दुपारी सगळं गाव मिटलेलं असतं. खिडक्यांच्या लाकडी झडपा लावलेल्या, फरशीवर पाणी शिंपडलेलं, कुत्रीसुद्धा चूप. मुलांना जबरदस्तीने झोपवतात. आई गेल्यावर सहा वर्षांची नाईर दुपारी झोपेना. ती रडायचीही नाही, नुसती झडपेच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्टीकडे बघत राहायची. तेव्हा एका दुपारी झुल्मा तिच्याजवळ अंधारात आडवी झाली आणि आईच्या आवाजात बोलली. "आले गं. भांडी आवरत होते." आईचा आवाज जरा घोगरा होता आणि ती वाक्याच्या शेवटी श्वास सोडायची. झुल्माला तो जमला. "डोळे मीट. ऊन उतरलं की संत्र्यांच्या बागेत जाऊ." नाईर झोपली. मग ते रोजचं झालं. तीन उन्हाळे. उजेडात त्याबद्दल कुणी बोललं नाही. झडपा उघडल्या की झुल्मा झुल्मा व्हायची आणि नाईरला वेण्या घालताना केस ओढायची. आई परत आली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, दुपारी, खरी आई नाईरजवळ आडवी झाली आणि काहीतरी बोलली, आणि नाईरने लिहिलं होतं: मला वाटलं, ही बाई माझ्या आईची नक्कल करते आहे, आणि तिला नीट जमत नाही.

कुणीतरी झुल्माचं नाव पुकारलं. तिने ते ऐकलं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. पुन्हा पुकारलं. मग दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्हीच ना त्या?" ती म्हणाली, "नाही."

तिने तीस वर्षं साहित्य शिकवलं होतं. चांगलं वाक्य समोर आलं की तिच्या मानेवर एक गार बोट फिरायचं. त्याला ती फसवू शकत नव्हती. ते बोट आत्ता फिरत होतं, आणि तिला ते हाताने झटकून टाकावंसं वाटत होतं. हे माझं आहे, ती मनात म्हणाली. हे माझ्या तोंडातून निघालं होतं. तो घोगरेपणा माझ्या घशाने कमावला होता, दुपारच्या दुपार, आडवं पडून, स्वतःला झोप येत असताना. आणि मी ते पाच खर्ड्यांत एकदाही लिहिलं नाही. का नाही लिहिलं? कारण तिला वाटलं होतं, नाईरला ते माहीत नाही. नाईरला खरंच आई भेटत होती अशी तिची समजूत होती, आणि ती समजूत मोडू नये म्हणून तिने आपल्या पुस्तकातून तो अंधारच कापून टाकला होता. म्हणजे जिथे दार होतं तिथे तिने भिंत बांधली होती, तीही बहिणीसाठी. आणि बहीण त्याच जागेतून आरपार चालत गेली होती. तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तसं तिने लिहिलंच होतं: मला माहीत होतं की ती झुल्मा आहे, पण झोपायला ते पुरत होतं. नावसुद्धा बदललेलं नव्हतं.

त्या आठवड्यात तिला सगळ्याचाच हेवा वाटू लागला. नाईरच्या केसांचा, तिच्या गाडीचा, ती रिकाम्या घरांत एकटी बसू शकते याचा. वर्गातल्या एका मुलीने निबंधात चूक केली आणि ती चूक सुंदर होती, तर तिचाही. बसमध्ये दोन बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या, त्यांचा. हेवा हा पोटात असतो असं ती समजत होती. तो हाडांत निघाला. सकाळी उठताना गुडघ्यात असायचा.

रेमेईचा फोन आला तेव्हा ती भाजी घेत होती. एका हातात पालकाची जुडी, कानाला फोन, आणि भोवती शनिवारच्या बाजाराची ओरड. रेमेईचा आवाज तिच्या कल्पनेपेक्षा तरुण होता. "नाईरने मला तुमच्याबद्दल सांगितलं. मला तुमचं हस्तलिखित आठवतं, खरंच आठवतं. आता त्याकडे वेगळ्या नजरेने बघता येईल." वेगळ्या नजरेने म्हणजे कसं, ते तिने लगेच सांगितलं. जिने तो आवाज काढला तिच्या बाजूने ते दुपारचं लिहून दिलं, तर दोन बहिणी, एक घर, दोन पुस्तकं असं काहीतरी करता येईल. नाईरचं आधी, हे वर्षभराने. "फक्त एक," रेमेई म्हणाली, "तिकडे काही छापू नका. नाईर म्हणत होती की तुम्ही स्वतः काढायच्या विचारात आहात. दोनशे प्रती जरी निघाल्या तरी पुस्तक निघालेलं असतं. मग ते नवं म्हणून मला कुणाच्या गळ्यात मारता येत नाही." झुल्माने विचारलं, "दुपार सोडून बाकीचं?" "बाकीचं उत्तम लिहिलेलं आहे," रेमेई म्हणाली. भाजीवाली म्हणाली, "पालक हवाय का नुसता धरून ठेवायचाय, बाई?"

मग ईस्टरच्या सुट्टीचा आठवडा आला. शहर ओस पडलं. ज्याच्याकडे जायला कुठे होतं तो गेला. झुल्माने दार लावून घेतलं आणि दुपार लिहायला बसली. कशासाठी लिहिते आहे हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. नाईरचं सप्टेंबरात येणार होतं. एल्बियो मे महिन्यात काढू शकत होता. आपली दुपार आधी येईल. मोन्तेविदेओ एवढंसं गाव, इथे कुणी आधी लिहिलं हे लोक लक्षात ठेवतात. आणि कुणी नाही ठेवलं तरी नाईर ठेवेल. या विचाराने तिला इतकं बळ आलं की ती पहिल्यांदाच न खोडता लिहीत गेली. तिने ते तेरा वर्षांच्या मुलीच्या बाजूने लिहिलं. फरशीचा गारवा, पाठीला टोचणारी चटईची काडी, घशात आणलेला घोगरेपणा. आणि लिहिता लिहिता, ठरवलेलं नसताना, एक गोष्ट कागदावर आली. ती मुलगी अंधारात आईच्या आवाजात "आले गं" म्हणते आणि शेजारची लहानगी सैल पडते, तिचा श्वास लांबतो. आणि ती मुलगी तशीच जागी राहते. तिच्याजवळ कुणी आडवं होत नाही. तिला आईचा आवाज ऐकू येतो, पण तो तिच्याच घशातून निघालेला असतो, त्यामुळे तिला त्याने झोप येत नाही. ती कुशीवर झोपलेल्या बहिणीकडे बघते आणि तिला तिचा हेवा वाटतो. आई तिला मिळाली. मला फक्त आवाज काढावा लागला.

झुल्माने लेखणी ठेवली. खाली रस्त्यावर एकच गाडी गेली. तिला वाटत होतं की हा हेवा रेडिओपासून सुरू झाला, शिक्षकांच्या खोलीत, भाजलेल्या जिभेपासून. तो तर सहा वर्षांच्या पोरीच्या उशाशी बसला होता, सगळा काळ. ती पानं तिने दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा वाचली. मानेवरचं ते गार बोट फिरलं, या खेपेला तिच्याच वाक्यांवर.

सुट्टी संपल्यावर ती एल्बियोकडे गेली. "शेवटी आलात," एल्बियो म्हणाला. तो जाडा, गोडबोल्या माणूस होता आणि कपाळावर चष्मा चढवून विसरायचा. "मला वाटलं तुम्हीही स्पेनला पळालात. आमच्याकडे लेखक दोनच प्रकारचे. पुस्तकं न्यायला येतात ते आणि येत नाहीत ते." तिने नवीन प्रकरण दिलं, कुठे घालायचं ते दाखवलं. त्याने पानं चाळली, मधे एकदा मशीन चालवणाऱ्याला "जरा थांबव रे ते" म्हणाला. "नव्याने जुळवणी करावी लागेल," मग तो म्हणाला. "पण हे घालाच."

नाईरला तिने कळवलं नव्हतं. पण जुळवलेली पानं तपासायला ती छापखान्यात बसली होती त्या दिवशी नाईर पारपत्राच्या कामाला शहरात आली होती आणि तिचा फोन आला. कुठे आहेस? झुल्मा खोटं बोलू शकली असती. तिने पत्ता सांगितला. नाईर आली, उंच टाचांनी, कागदाच्या रिमांमधून वाट काढत, आणि एल्बियोला पाच मिनिटांत नावाने हाक मारू लागली. मग तिची नजर टेबलावर गेली. "म्हणजे छापतेच आहेस. रेमेईने सांगितलं नाही का तुला?"

"सांगितलं."

"मग?"

झुल्माने प्रकरणाची पानं तिच्यापुढे सरकवली. हे करताना आपल्याला काय वाटतंय ते तिने नीट पाहिलं. दयामाया नव्हती. परीक्षकाला उत्तरपत्रिका देताना वाटावं तसंही नव्हतं. मांजर पकडलेला पक्षी आणून पायरीवर ठेवतं, तसं काहीतरी होतं.

नाईर वाचू लागली. मशीन चालू होतं, पानं एकावर एक पडत होती, शाईचा आणि तेलाचा वास. तिने डगला काढला नव्हता. दुसऱ्या पानावर तिने खालचा ओठ आत ओढला. शेवटच्या पानाशी आली, आणि पान न उलटता तेच पुन्हा वरून वाचू लागली. तिच्या गालावर, सोनेरी केसांच्या खाली, एक लाल डाग हळूहळू पसरत गेला. झुल्माला तो चेहरा आतून ओळखीचा होता. गेल्या कित्येक दिवसांत तिला पहिल्यांदाच मनापासून बरं वाटलं. इतकं बरं, की तिला त्याची थोडी लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते कमी झालं नाही.

"हे माझ्याकडे नाही," नाईर म्हणाली.

"कसं असेल? तू झोपायचीस."

"तुला माझा हेवा वाटायचा?"

"तेव्हाही," झुल्मा म्हणाली.

नाईरने पानं टेबलावर ठेवली आणि कडा जुळवल्या. मग तिचा आवाज बदलला. गिऱ्हाइकांशी बोलताना लावायचा तो आवाज तिने लावला. "हे बघ. सप्टेंबरपर्यंत थांब. नाहीतर एवढं प्रकरण रेमेईला पाठव, ती उडी मारेल. हे तू एल्बियोच्या दोनशे प्रतींत घालणार? तुझे शिक्षक मित्र घेतील, शेजारीण घेईल. कोण वाचणार हे?"

"तू वाचलंस."

एल्बियो पाठ फिरवून एका पेटीत काहीतरी शोधत होता. बराच वेळ शोधत होता. "हे माझ्या आधी आलं तर," नाईर म्हणाली आणि थांबली. "लोक म्हणतील तुझंच खरं आहे. माझं म्हणजे…" तिला शब्द मिळाला नाही. "माझं पण खरं आहे, झुल्मा. मला खरंच झोप लागायची."

"माहीत आहे मला. मीच झोपवायचे."

तिला हे मऊपणाने म्हणायचं नव्हतं, तरी ते मऊच आलं. ती बघत राहिली. वर्षभर थांबलं तर बार्सिलोनाची बाई दार उघडणार होती, आणि त्या दारावर नाईरचं नाव आधी लागलेलं असणार होतं. ती आत जाईल ती नाईरची बहीण म्हणून, तो आवाज काढणारी म्हणून. तसं जाऊन सुद्धा आत ऊब असेल, लोक असतील, तिचं पुस्तक दूरच्या गावांतल्या दुकानांत दिसेल. इथे छापलं तर ते दार बंद. मग हे पुस्तक तिच्या पिशवीतून हातोहात जाईल तेवढंच जाईल. तिला खात्री होती की उद्या सकाळी पश्चात्ताप होईल, आणि सप्टेंबरात तर नक्कीच, नाईरचा फोटो दुकानांच्या काचेत लागेल तेव्हा.

"मला राग आलाय," नाईर हळू म्हणाली, जणू ताप आहे का हे बघत होती. "पण राग पण नाही हा. काय आहे ते सांगता येत नाहीये. इथे, छातीच्या वर, कडक झालंय काहीतरी. तू लिहिलंस ते चांगलं आहे म्हणूनच होतंय, असं वाटतं. वेडं आहे ना हे?"

झुल्मा तिला त्याचं नाव सांगू शकली असती. ते कुठून सुरू होतं, सकाळी कोणत्या सांध्यात असतं, त्याने माणूस किती चांगलं लिहू शकतो, हे सगळं ती सांगू शकली असती. लहानपणी सांगितलंच असतं. नाईरला एखादा शब्द अडला की झुल्मा तो पुरवायचीच. या वेळी तिने तो पुरवला नाही. ज्याचं त्याने शोधावं.

"छापा," तिने एल्बियोला सांगितलं.

एल्बियोने मान डोलावली आणि मशीनकडे गेला. नाईर जायला उठली, दारापर्यंत गेली, आणि काय वाटलं कोण जाणे, परत येऊन त्याच खुर्चीत बसली. तिने ती पानं पुन्हा जवळ ओढली आणि या वेळी पर्समधून पेन काढलं. झुल्मा बघत होती. पहिल्या परिच्छेदात खरी आई काय म्हणायची ते आलं होतं, तिथले दोन शब्द नाईरने खोडले, वर दुसरे लिहिले, मान तिरकी करून पाहिलं आणि पान तिच्याकडे फिरवलं. "आई 'भांडी आवरत होते' म्हणायची नाही," ती म्हणाली. "ते तूच म्हणायचीस. ती 'भांडी पडली होती' म्हणायची."

झुल्माने ते शब्द वाचले. ते बरोबर होते. तिला नाईरचा पुन्हा एकदा भयंकर हेवा वाटला, आणि तिने एल्बियोला हाक मारून ते शब्द बदलेपर्यंत मशीन थांबवायला सांगितलं.